वाचनालयातले दोन हत्ती

आपल्याकडे कुठलीही सभा म्हटली की आधी शाली येतात आणि मग माणसं. भोईवाड्यातल्या एका शाळेतही तसंच झालं. वॉर्डाला बऱ्याच वर्षांनी नगरसेविका मिळाली होती, सीमाताई. दहावीच्या मुलांनी शाळेतल्या अडचणी थेट आपल्याला सांगाव्यात, असा निरोप त्यांनी पाठवला. झालं! मुख्याध्यापकांनी मुलांकडून चिठ्ठ्या मागवल्या आणि ज्यांचा कुणाला राग येणार नाही अशा तेवढ्या निवडल्या. पंखा, पाण्याचा कूलर, मैदानातले खड्डे. आकांक्षाची चिठ्ठी मात्र त्यांनी बाजूला ठेवली. तिच्यात एकच ओळ होती, 'आमचं वाचनालय उघडा.'

आता या वाचनालयाची गंमत ऐका. दुसऱ्या मजल्यावर टोकाला ही खोली. दोन मोठ्या खिडक्या, लांब बाकं, चार कपाटं भरून पुस्तकं. चार वर्षांपूर्वी गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने देखाव्याचं सामान तिथे आणून ठेवलं, पंधरा दिवसांसाठी म्हणून. राजवाड्याचे खांब, एक सिंहासन आणि दोन फायबरचे हत्ती. एकदा मांडलेला देखावा पुन्हा कुणी मांडत नाही, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे. पण टाकून द्यायला जीव होत नाही ना! पंधरा दिवसांची चार वर्षं झाली आणि हत्ती वाचनालयात आरामात राहिले.

त्या खोलीची किल्ली आकांक्षाच्याच घरी होती. तिचे बाबा धनेश मंडळाचे कार्यवाह. चाळीतल्या त्यांच्या खोलीत, दाराजवळच्या खिळ्याला ती लटकलेली असे. टीव्ही, धाकटा भाऊ, कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांचं येणंजाणं, या सगळ्यात मांडीवर वही घेऊन बसलेल्या आकांक्षाची नजर सारखी त्या किल्लीकडे जायची. सहावीत असताना ती मधल्या सुट्टीत वाचनालयात पळायची. तिथे कव्हर फाटलेलं एक पुस्तक होतं, वेंगुर्ल्याकडच्या एका मुलीचं. तिच्या भावाची होडी वादळात सापडते आणि ती किनाऱ्यावर उभी राहून वाट बघते. तेवढ्यात घंटा वाजली. आकांक्षाने पानाचा कोपरा दुमडून पुस्तक कपाटात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. होडी परत आली की नाही, हे तिला आजवर कळलं नव्हतं. भात कालवता कालवता ती मध्येच थांबायची, तिला ती मुलगी आठवायची. एक खिडकी, एक बाक आणि राहिलेली पानं, एवढंच तिला हवं होतं. आणि हे तर तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष.

बाबांना तिने विचारलं नव्हतं असं नाही. दरवर्षी विचारलं. बाबा काही वाईट माणूस नव्हेत हो. चाळीत कुणाचं दुखणं निघालं तर दवाखान्यात पहिले पोचणार ते. पण उत्तर ठरलेलं, "शाळा आपलीच ना गो? सामान पण आपलंच. बघू पुढच्या वर्षी."

बाजूला पडलेली ती चिठ्ठी मराठीच्या माया बाईंनी पाहिली. सगळं झाल्यावर एक मिनिट या मुलीला द्या, असं त्यांनी मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलं. फक्त चिठ्ठीतला एक शब्द खोडून दुरुस्त केला. 'आमचं' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलं' म्हटलं की तोही त्यात येतो; पाहुण्यांसमोर 'आपलं' बरं दिसतं, असं त्यांनी समजावलं. आकांक्षाने मान डोलावली.

सभेच्या दिवशी शाली झाल्या, गुच्छ झाले. मंडळाच्या वतीने शाल द्यायला धनेशच पुढे होते. सभेच्या सतरंज्याही त्यांनीच त्या बंद खोलीतून काढून आणल्या होत्या. पंख्याला आणि कूलरला सीमाताईंनी तिथल्या तिथे होकार दिला. शेवटी आकांक्षा उभी राहिली. हातातल्या कागदावर 'आपलं' होतं, पण तोंडातून निघालं, "ताई, आमचं वाचनालय चार वर्षं बंद आहे."

पहिल्या रांगेतून बाबांनी हसत तिला सुधारलं, "आपलं म्हण गो."

"नाही बाबा," ती म्हणाली. "आपलं असतं, तर मला आत जाता आलं असतं."

आत काय आहे आणि किल्ली कुणाकडे असते, असं सीमाताईंनी विचारलं. चारचौघांत बापाचं नाव घ्यायचं? "सामान मंडळाचं आहे," ती हळूच म्हणाली, "किल्लीचं नका विचारू."

तेव्हा माया बाई उठल्या. "हिचा शब्द मी खोडला होता. व्याकरणाने माझं बरोबर असेल, पण खरं हिचंच आहे. आपण मोठी माणसं 'आपलं' म्हणतो, तेव्हा मुलांना त्यात धरतच नाही. शाळा आपली म्हणून सामान ठेवतो. पण शाळा आपली म्हणून त्या पुस्तकांवरची धूळ कुणी पुसली? एकट्या मंडळाला काय बोल लावू? आम्ही शिक्षकही रोज त्या कुलपासमोरून गेलोच की."

धनेश मान खाली घालून बसले होते. ते उठले, खिशातून किल्ली काढली. सीमाताईंनी हात पुढे केला, पण ते त्यांच्यासमोरून पुढे गेले आणि किल्ली त्यांनी लेकीच्या हातात ठेवली. "माझ्याकडे होती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चुकलंच माझं."

रविवारी मंडळाच्याच पोरांनी सगळं सामान खाली उतरवलं. हत्ती जिन्यात अडकले तेव्हा सगळे पोट धरून हसले. आकांक्षा मात्र थेट कपाटाकडे धावली. पुस्तक जिथल्या तिथे होतं. दुमडलेला कोपराही तसाच होता. पण त्याच्या पुढची पानं वाळवीने खाल्ली होती. उघडताच मांडीवर नुसता भुगा सांडला.

बाबा शेजारी येऊन बसले. काय झालं ते तिने सांगितलं, वादळापर्यंतची सगळी गोष्ट सांगितली. ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मग होडी आली की नाही?"

"माहीत नाही, बाबा."

त्यानंतर कितीतरी रविवार बाबा दादरपासून गिरगावपर्यंत जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालत होते. पुस्तकाचं नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. वेंगुर्ल्याची मुलगी आणि होडी, एवढ्याच खुणा. दुकानदार हसायचे. पुस्तक काही मिळालं नाही. वाचनालयात आता मधल्या सुट्टीत सहावीची पोरं बाकांसाठी भांडतात, आणि आकांक्षा खिडकीजवळ अभ्यासाला बसते. पण तिची नजर अजून त्या कपाटाकडे जाते.

म्हणून सांगतो मंडळी, मुलं अडचण सांगायला येतील तेव्हा शाली घडी करून ठेवा आणि आधी ऐका. 'पुढच्या वर्षी बघू' असं तर मुळीच म्हणू नका. खोली पुढच्या वर्षीही उघडता येते. पण सहावीतली मुलगी पुढच्या वर्षी सहावीत नसते.