नाथाच्या बांधातली केबल

कोळदऱ्याच्या इतिहासात डिजिटल क्रांतीचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा लागेल. लिहिणाऱ्यानं फक्त एवढं सांभाळून घ्यावं, की क्रांती गावात शिरली तेव्हा दोन चुलतभाऊ बांधावर उभे राहून एकमेकांची सात पिढ्यांची आठवण काढत होते.

देवळ्याहून डोंगराकडं वळलं की शेवटी कोळदरं लागतं. रस्ता तिथं संपतो. मोबाईलची रेंज त्याच्या बरीच अलीकडं संपते. या गावात नाथाचं आणि कारभारीचं रान शेजारी-शेजारी. मधला बांध आज्याच्या वेळी बैलगाडी जाईल एवढा होता. बापाच्या वेळी नुसता बैल जायचा. आता शेळीसुद्धा अंग चोरून जात होती. कारण कांदा लावायच्या आधी ट्रॅक्टरचा रोटा मारताना कारभारी दर साली एक तास, म्हणजे फाळाएवढी एक पट्टी, बांधातनं काढायचा.

"आरं ए कारभाऱ्या! भाकर खातूस का बांध खातूस?"

"मी कशाला खाऊ, नाथादादा? बांधच सरकतोय माझ्याकडं. लळा हाय त्याला."

"मोजणी आणतो मी! सरकारी मोजणी!"

"आण की. तीन साल झाली, आणतोच हायेस. वाटंत पंक्चर झाली का काय तिची गाडी?"

तेवढ्यात सरपंच विमलाबाई आल्या. त्यांच्या मागं पिवळं शिरस्त्राण घातलेला एक साहेब ढेकळांतनं ठेचकाळत येत होता.

"ही सार्वजनिक-खासगी भागीदारी आहे," साहेब बांधावर चढून म्हणाला. "सरकार आणि आमची कंपनी मिळून गावात इंटरनेट आणणार."

"म्हंजी वाट्यानं शेती," नाथा म्हणाला.

"तसं समजा. पैसा सरकारचा, काम कंपनीचं."

"अन् पीक?"

"पीक सगळं तुमचं!"

दोघे भाऊ भांडण विसरून एकमेकांकडं बघायला लागले. जमीन एकाची, राबणारा दुसरा आणि खळं तिसऱ्याच्या दारात, असला वाटा दोघांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

"कायतरी भानगड हाय," कारभारी पुटपुटला.

"हाय," नाथा म्हणाला. कित्येक वर्षांत दोघांचं हे पहिलं एकमत.

साहेबानं पुढं समजावलं. रस्त्याच्या कडेला खडक लागतो, बांधाची माती मऊ असते, तेव्हा केबल बांधातनं न्यायची. वर खुणेचे खांब रोवायचे. "आणि एक लक्षात ठेवा. त्यानंतर या बांधाला नांगर लावता येणार नाही. केबल तुटली तर थेट गुन्हा."

नाथाचे कान उभे राहिले.

"कोणालाच लावता येनार नाय?"

"कोणालाच नाही."

"रोटा?"

"रोटासुद्धा."

"मग इचारता काय साहेब? आत्ताच घाला की! मी खोरं आणतो!"

इंटरनेट म्हणजे काय, याची नाथाला पुसट कल्पना होती. बांधाला फुकटचा पोलीस मिळतोय, हे मात्र लख्ख दिसत होतं. कारभारीनं तोंड कडू केलं खरं, पण तेही फार टिकलं नाही. कंपनीनं काम ठेकेदाराला दिलं, ठेकेदारानं आपल्या मेव्हण्याला, मेव्हण्यानं जेसीबीवाल्याला, आणि जेसीबीवाला निघाला कारभारीचा पोरगा वाल्मीक. भागीदारी अशी झिरपत झिरपत मुळापर्यंत गेली.

खोदकामाच्या वेळी नाथा बायकोच्या माहेरी, सटाण्याकडं लग्नाला गेला होता. परत येऊन बघतो तर चर बुजलेला आणि बांधावर ओळीनं पिवळे खांब: 'सावधान! खाली केबल आहे. खोदू नये.' नाथानं पहिल्या खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

"बाकी म्हसोबा वंगाळ दिसत नाय," बायको कुसाबाई म्हणाली. "पावतो का नाय ते कळंल."

पुढं ग्रामपंचायतीत एक पांढरा डबा बसला. विमलाबाईंनी फीत कापली. डब्यात हिरवा दिवा लागला आणि गावानं टाळ्या पिटल्या. दिवा लागायला नुसती वीज पुरते, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

इंटरनेट काही आलं नाही. कंपनीला विचारलं की उत्तर ठरलेलं: कुठंतरी तुटलं असेल, शोध चालू आहे. नाथाची धाकटी पोरगी सृष्टी घरूनच देवळ्याला नर्सिंगला जायची. तिचे निम्मे वर्ग मोबाईलवर असायचे, म्हणून ती रोज मरीआईच्या टेकडीवर, रेंज मिळायची तिथं जाऊन, करवंदीच्या जाळीला टेकून शिकायची. थंडीवाऱ्यात ओढणी डोक्याला गुंडाळून माणसाचं काळीज कसं चालतं ते पाठ करायची.

"आबा, डबा कधी चालू व्हायचा?"

"व्हईल गं. बांध कसा ऱ्हायला बघ की!"

आणि बांध खरंच राहिला. एक साल.

दुसऱ्या साली लावणीच्या तोंडाला नाथा रानात गेला तर बांध वीतभर कमी. आणि खांब? खांबही वीतभर नाथाच्या रानात सरकलेले. कारभारी शिस्तीचा माणूस. बांध खाल्ला, तर खांब उपटून नव्या जागी रोवूनही ठेवले होते.

नाथाला राग यायला हवा होता. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो गावभर धावत सुटला. "सापडला! इंटरनेट तोडनारा सापडला! कारभाऱ्यानं केबल तोडली!"

बांधावर गाव लोटलं. विमलाबाई आल्या, साहेबाला बोलावून घेतलं. टेकडीवर जाऊन जाऊन कावलेली पोरं कारभारीवर तुटून पडली.

"काका, एका तासापायी आख्ख्या गावाचं नेट खाल्लं?"

"लाज कशी नाय वाटली?"

कारभारीनं बराच वेळ ऐकून घेतलं. मग त्याचं डोकं फिरलं.

"आरं तोडली तोडली काय लावलंय? आसली तर तोडंन ना मी!"

वाल्मीकनं कपाळाला हात लावला.

विमलाबाई हळूच म्हणाल्या, "खोदा रं."

पोरांनी खोदलं. कमरेएवढं खोदलं. एक फाटकी चप्पल निघाली, ठिबकच्या नळीचा तुकडा निघाला. केबल निघाली नाही. आणखी दोन ठिकाणी खोदलं. दुसरी चप्पल निघाली.

"वाल्मीक," विमलाबाई म्हणाल्या, "केबल कुटं हाय?"

"मला काय म्हाईत? माझं काम खोदायचं. खोदलं. बुजवायचं. बुजवलं. मधी केबल टाकायचं काम दुसऱ्याचं व्हतं. तो आला का नाय, ते त्याला इचारा."

साहेबानं शिरस्त्राण काढून घाम पुसला. आवाज एकदम मऊ केला.

"हे बघा, केबल नाही असं ठरलं, तर चौकशी होईल. पहिला धरला जाईल तो चर बुजवणारा. आणि हे खांब मला आजच काढून न्यावे लागतील. केबल आहे, पण तुटली आहे, असं ठरलं तर खांब राहतील. नाथाभाऊ, तक्रार तुमची. तुम्ही सांगा. केबल आहे की नाही?"

नाथानं खड्ड्यात पाहिलं. मग बांधाकडं पाहिलं. पलीकडं कारभारीचा ट्रॅक्टर रोटा लावून उभाच होता.

"आबा," सृष्टी म्हणाली, "खाली कायबी नाय ना?"

नाथानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"हाय," तो म्हणाला. "केबल हाय. अजून खाली आसंल."

कारभारीनं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा कडेला उभ्या त्याच्या जेसीबीकडं. "दादा म्हनतो ते खरं हाय. आमच्या रानाची माती लय ओढती. गेली आसंल खोल."

कुसाबाई चिडली की तिला माहेरची अहिराणी सुटायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. "काय शे? तुमना बांधमा काय शे? दोन खेटरं शेतस, दुसरं काहीच नही!"

"तू गप बस."

विमलाबाई दोघा भावांकडं बघत राहिल्या. "भाऊबंद एका बाजूला झालं म्हंजी केबल नक्की नाय," त्या म्हणाल्या.

"ताई, फीत तुमच्याच हातानं कापली होती," साहेब अदबीनं म्हणाला.

विमलाबाईंनी पदर सारखा केला. "बुजवा रं खड्डा," त्या म्हणाल्या, आणि गावाच्या वाटेला लागल्या.

वाल्मीकनं जेसीबीनं खड्डे बुजवले, बापानं खाल्लेला वीतभर बांधही परत भरला. खांब पहिल्या जागी रोवले गेले, नाथानं स्वतः उभं राहून रोवून घेतले. कारभारीनं मान खाली घालून ट्रॅक्टर मागं घेतला. जी केबल आहे म्हणून त्यानं गावासमोर सांगितलं, तिच्यावर आता रोटा घालायची सोय त्याला उरली नव्हती. केबलच्या दुरुस्तीसाठी नवी भागीदारी होणार असल्याचं साहेबानं जाता जाता सांगितलं.

सृष्टी टेकडीकडं निघून गेली. दिवस मावळताना परत आली तेव्हा नाथा बांधावरच बसून होता.

"कंपनीच्या साईटवरचा नकाशा बघून आले," ती म्हणाली. "आपलं गाव हिरव्या रंगात हाय. जोडलेलं."

"अन् बांध?"

"बांध नाय दिसत त्यात."

ती घरात गेली. नाथा उठला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधावरनं चालत गेला. पुरा बांध शाबूत होता. त्याच्यावर नुसतं कुसळी गवत उगवतं, ते शेळीही खात नाही.