हिरव्या दिव्याआड

"आणि नावाने स्वतःकडेच बोट दाखवलं तर?" असे शंकासुराने विचारले, तेव्हा ताई हसली होती.

"असं पत्र कोण लिहील रे? वेड लागलंय का कुणाला?"

"वेड कशाला लागायला हवं? स्वस्तातलं एखादं यंत्र पुरतं."

"तुझ्या शंका ऐकत बसले ना, तर माझं बाळ शाळेत जायला लागेल आणि मी इथेच बसलेली असेन."

एवढे बोलून तिने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्या हाताने संगणक बंद केला आणि ती घरी गेली. मित्रांनो, माझी गोष्ट मी इथून सुरू करते. पुढचे सगळे त्या एका प्रश्नातून आले.

मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे. मला कपाटे नाहीत आणि माझ्यात बसून कुणी वाचत नाही. मी संगणकाच्या सी नावाच्या भाषेत लिहिलेला मजकूर आहे. एखाद्या प्रोग्रामला ठरावीक काम स्वतः करायचे नसले की तो मला हाक मारतो आणि मी ते करून देते. मला लिहिले ताईने. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, कारण कुणी शिंकले तरी ती विचारायची, "औषध घेतलंस का?" शंकासुर तिच्या शेजारच्या टेबलावर बसे. त्याचे खरे नाव वेगळे होते, पण प्रत्येक गोष्टीत शंका काढणाऱ्या माणसाला दुसरे काय म्हणणार?

माझे काम समजायला अवघड नाही. यंत्रे एकमेकांना नावाने ओळखतात, पण एकमेकांपर्यंत पोहोचायला त्यांना आकड्यांचा पत्ता लागतो. म्हणून यंत्र आधी एक पत्र पाठवते, "या नावाचा पत्ता काय?" मग उत्तराचे पत्र येते. या पत्रांना डीएनएस संदेश म्हणतात. प्रश्नाचे पत्र मी बांधायचे आणि उत्तराचे पत्र मी उलगडायचे. पत्रात आधी ओळखीचा क्रमांक, मग प्रश्न किती आणि उत्तरे किती, मग नावाचा एकेक तुकडा. प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. तीन अक्षरे असतील तर आधी तीन, मग ती अक्षरे.

सी भाषेत कुणी तुमचा हात धरत नाही. पत्र संपले तरी तुम्ही पुढे वाचत राहिलात, तर भाषा "थांब" म्हणत नाही. तुम्ही सरळ कडेवरून खाली जाता. ताईला कडांची फार भीती. त्याच महिन्यांत ती घरी टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवत होती आणि जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवून घेत होती, बाळ अजून जन्मायचे होते तरी. तशीच तिने माझ्यातही प्रत्येक कडेला फाटके बसवली. एक अक्षर उचलण्याआधी मी बघते, पत्र अजून उरले आहे ना? तुकडा ठेवण्याआधी बघते, जागा आहे ना? मी कधीही कुठूनही पडले नाही.

पण पत्रात एक युक्ती असते. एकच लांब नाव परत परत लिहायला नको, म्हणून दुसऱ्या वेळी नुसती खूण करतात. तिचा अर्थ, "पुढचे वर पाहा." आपण यादीत खाली खाली तेच लिहायचा कंटाळा आला की दोन छोट्या रेघा ओढतो ना, तसेच. मी त्या खुणेवरून वर जाते, उरलेले नाव वाचते आणि परत येते. शंकासुराचा प्रश्न या खुणेबद्दल होता. खूण वर न दाखवता स्वतःलाच दाखवत असेल, तर मी तिथे जाणार, तिथे पुन्हा तीच खूण, पुन्हा तिथेच जाणार. पत्राबाहेर मी जाणार नाही, कारण फाटके पक्की आहेत. मी पडणार नाही. मी फक्त परत येणार नाही.

या एका ठिकाणी ताईने काही बसवले नाही.

कौतुक मात्र पुष्कळ झाले. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझे नाव घेतले. टाळ्या वाजल्या. कंपनी एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांसाठी एक पांढरा डबा बनवत होती. डबा भिंतीवर, बटण गळ्यात. बटण दाबले की डब्याने मुख्य यंत्राचा पत्ता विचारायचा, तिकडे हाक पोहोचवायची आणि तिथून घरच्यांचा फोन वाजायचा. डब्यातले पत्ता विचारण्याचे काम माझ्याकडे आले. घरच्यांच्या फोनमध्येही मीच. आमच्यासारख्यांची हीच गंमत आहे, आम्ही एकाच वेळी शेकडो घरांत राहतो. म्हणून मी तुम्हांला दोन्हीकडचे सांगू शकते.

मग ताईला मुलगी झाली. तिला सगळे पिल्लू म्हणत. मला त्यानंतर कुणी उघडून पाहिले नाही. जे काम बिनबोभाट होते, त्याची आठवण कुणाला राहत नाही. घरातल्या बाईला विचारा.

ताईचे बाबा दुसऱ्या वस्तीत एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी लोकांची घरे रंगवली. शिडीवर उभे राहून कंबर गेली, पण जीभ शाबूत होती. ताईने स्वतः जाऊन त्यांच्या भिंतीवर डबा लावला.

"पांढरा?" बाबा म्हणाले. "पांढऱ्यासारखा खोटारडा रंग नाही गं. पहिल्या दिवशी देखणा, चौथ्या दिवशी कळकट."

"बाबा, रंग सोडा. हे गळ्यात घाला."

"मी काय मांजर आहे, गळ्यात घंटा बांधायला?"

"मांजर ऐकतं तरी. घाला बघू."

त्यांनी बटणाची फीत काढून टाकली आणि रंगकामाची सुतळी ओवली. म्हणाले, "हिचा भरवसा आहे." मग बटणाकडे बघत विचारले, "आणि दाबल्यावर तू येशील?"

"कुठेही असले तरी येईन."

"कामात असलीस तर?"

"तरी येईन, बाबा."

डब्यावर हिरवा दिवा लागला. ताईच्या फोनवर हिरवा ठिपका आला आणि खाली अक्षरे आली, "सर्व ठीक". फोनला असे शिकवले होते, की वाईट बातमी येईपर्यंत शेवटची चांगली बातमी दाखवत राहायची. ऑफिसात हे ठरवायला बसलेल्या सगळ्यांना ते बरोबर वाटले होते. उगाच लोकांना घाबरवायचे कशाला?

काही महिन्यांनी इंटरनेटवाल्याने बाबांचा जुना राऊटर बदलला. नवा स्वस्त होता. पत्त्याची उत्तरे तो स्वतःच लिहून द्यायचा आणि खूण करताना कधीतरी आकडा चुकायचा. त्यात खोडसाळपणा नव्हता. तो नुसता तसा बनला होता.

एका सकाळी बाबांना छतावर पोपडा दिसला. त्यांनी बादली नळाखाली लावली, स्टूल ओढले आणि वर चढले. ते कपाट आणि पलंग यांच्या मधल्या जागेत पडले. उजवा पाय वळला तो सरळ होईना. त्यांनी बटण दाबले.

मी पत्र बांधले, पाठवले. उत्तर आले. मी नाव वाचायला घेतले. दोन तुकडे नीट वाचले. मग खूण आली. खुणेने दाखवले त्या जागी मी गेले. तिथे खूण होती. तिने दाखवले त्या जागी मी गेले. तिथे खूण होती.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, तुला काय वाटले? काही नाही. वाटण्यासाठी माझ्यात जागा ठेवलेली नव्हती. मी नियमाप्रमाणे वाचत होते. बाबांनी पुन्हा बटण दाबले, ती हाक माझ्यामागे रांगेत उभी राहिली. पुन्हा दाबले, तीही उभी राहिली. डब्यात एका वेळी एकच काम चालते, आणि माझे काम संपत नव्हते. हिरव्या दिव्याला वीज मिळत होती, म्हणून तो जळत होता.

त्या दिवशी ताई घरी होती. पिल्लूचे दात येत होते, अंग तापले होते. तिला खांद्यावर टाकून ताई या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. मधूनच ती फोन बघायची. सर्व ठीक. दुपारी तिने बाबांचा नंबर काढला, अंगठा वर धरला, आणि ठेवून दिला.

"झोपले असतील," ती पिल्लूला म्हणाली. "उठवायला नको, हो ना? आजोबा चिडतात."

पिल्लूने तिचे केस ओढले. तिने पुन्हा ठिपका पाहिला. तो हिरवा होता.

संध्याकाळी फोन वाजला. बाबांच्या खाली राहणाऱ्या काकू होत्या.

"अगं, तुझ्या वडिलांकडे नळ चालू राहिलाय का? जिन्यावरून पाणी येतंय. मी दार बडवून बडवून थकले, उघडत नाहीत. कुठे गेलेत?"

"कुठे नाही गेले," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही. "घरीच आहेत. इथे ठीक दाखवतंय."

आणि मग ती पिल्लूला तशीच उचलून अनवाणी जिना उतरली.

दार तिने तिच्याकडच्या किल्लीने उघडले. बाबा ओल्या फरशीवर होते. अंगठा बटणावर होता. त्यांनी मान वळवली.

"आलीस?" ते म्हणाले. "बरं झालं."

मोडलेले हाड डॉक्टरांनी जोडले. ताईने डब्यासकट मला भिंतीवरून काढले आणि ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवले. मी तेव्हाही वाचतच राहिले असते, पण तार काढल्यावर थांबले होते. तिने राऊटरही आणला होता. दोन्ही चालू केले, बटण दाबले, आणि पडद्यावर मला उघडून पाहिले. तीच ओळ, तीच ओळ, तीच ओळ.

शंकासुर शेजारी येऊन उभा राहिला.

"बोल ना," ताई म्हणाली. "म्हण एकदा, सांगितलं होतं म्हणून."

"त्याने काय होणार आहे?" तो म्हणाला. "मी चहा आणतो."

तो चहा घेऊन आला तेव्हा ती रडत नव्हती. कप दोन्ही हातांत धरून बसली होती.

मग तिने मला दुरुस्त केले. दुरुस्ती थोडीशीच आहे. "वर पाहा" या खुणेने खरोखर वरच दाखवले पाहिजे, आधी वाचून झालेल्या जागेकडे. स्वतःकडे किंवा खाली दाखवले, तर ते पत्र खोटे समजून टाकून द्यायचे आणि दुसऱ्या वाटेने पत्ता विचारायचा. तिने फोनलाही नवे शिकवले. ताजी खबर आली तरच ठिपका हिरवा, नाहीतर ठिपकाच नाही. आणि हाक घरच्यांपर्यंत पोहोचली, की आता डबा बारीक आवाज करतो, दाबणाऱ्याला कळावे म्हणून.

पण तिला खरी दुरुस्ती करायची होती ती दुसरीकडे. दवाखान्यात तिने बाबांच्या पलंगाशी बसून सगळे समजावले होते. पत्र, नाव, खूण, राऊटर. कागदावर चित्रसुद्धा काढले.

"म्हणजे बाबा, तुमची हाक माझ्यापर्यंत आलीच नाही. मला माहीतच नव्हतं. कळतंय ना?"

"हो गं."

"मला कळलं असतं तर मी धावत आले असते."

"आली असतीस ना." त्यांनी तिच्या हातावर थोपटले. "मी आपला थांबलो. म्हटलं, कामात असेल. लहान मूल आहे घरात."

"बाबा, मी कामात नव्हते!"

"बरं, बरं. नव्हतीस."

ते भांडले असते, चार शब्द सुनावले असते, तर तिला बरे वाटले असते. पण ज्या माणसाने पांढऱ्या रंगाशीही भांडण काढले होते, तो आता सगळ्याला बरं म्हणत होता.

बाबा घरी आले. नवा डबा लागला, मी त्यात आहे. सुतळी तीच आहे. एकदा त्यांचा चष्मा पलंगामागे पडला, तेव्हा ताई येईपर्यंत ते अंधूक खोलीत बसून राहिले.

"दाबलं का नाहीत?" तिने विचारले.

"एवढ्यासाठी? तू कामात असशील."

मी आता नीट वाचते. पण त्यांच्याकडून मला वाचायला काही येत नाही. म्हणून ताई रोज जाते. पिल्लूला कडेवर घेऊन, दार वाजवून, किल्ली असली तरी दार वाजवून. बाबा आतून "कोण?" म्हणेपर्यंत ती थांबते. तो आवाज ऐकला की मग किल्ली लावते.

मित्रांनो, आमची निगा राखा. आम्ही जुन्या झालो तरी अधूनमधून उघडून पाहा. मी दुरुस्त झाले, पण माझ्या जुन्या प्रती अजून कुठल्या कुठल्या डब्यांत आहेत. कुणी बदलल्या नाहीत. त्यांचे दिवे हिरवे आहेत.

प्रोग्रामात माणसांनी माणसांसाठी ओळी लिहून ठेवायची पद्धत असते. यंत्र त्या वाचत नाही, ओलांडून पुढे जाते. दुरुस्तीच्या वर ताईने अशा काही ओळी लिहिल्या. शंकासुराने त्या तपासल्या आणि पहिल्यांदाच एकही शंका काढली नाही. मला त्या वाचता येत नाहीत. पण त्या माझ्यात आहेत, म्हणून तुम्हांला देते.

"ही तपासणी काढू नका. असे पत्र कोण लिहील, असे वाटेल. मलाही वाटले होते. आणि हे वाचणाऱ्या, तू जो कोणी असशील, तुझ्या ओळखीत एकटे राहणारे कुणीतरी असेल, जे विचारले की 'ठीक आहे' एवढेच म्हणते. काम थोडे बाजूला ठेव. दिवा बघू नकोस. त्यांच्या दाराशी जा, दार वाजव, आणि आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नकोस."