रडणाऱ्या आजोबांची मागची बाजू

"रडले! आजोबा रडले!"

बायकांनी एकच हंबरडा फोडला. पुढचे धाडकन गुडघ्यांवर आले, मागचे टाचा उंचावून बघू लागले आणि मधल्यांचे पाय तुडवले गेले. त्यातला एक माझा. अख्खं तेकोलापा गाव त्या एका अंगणात कोंबलं होतं. समोर भिंतीवर, पेटत्या धुपाटण्याच्या बरोब्बर वर, एका म्हाताऱ्याचा लाकडी मुखवटा टांगलेला. सुरकुतलेले गाल, बोळकं तोंड, आणि दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून हळूहळू खाली उतरणारे पिवळसर थेंब.

मुखवट्याशेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एवोदियो उभा होता. हा शहरातून आलेला मनुष्य. गाव त्याला 'गुरुजी' म्हणायला लागलं होतं.

"कुणासाठी रडतायत आजोबा?" त्याने आवाज दाटून आणला. "स्वतःसाठी? छे! यांना दुःख कसलं? यांना कुणी कोरलं नाही, की कुणी तोंडाला लावलं नाही. डोंगरात वीज पडली, झाड फाटलं, आणि आतून हा चेहरा माझ्याकडे बघत होता! ते रडतायत भावंडांसाठी. तुमच्या घरी खुंटीला लटकलेल्या मुखवट्यांसाठी! नाचणारा मेला आणि मुखवटा घरातच राहिला, की मेलेला तहानलेला राहतो. पाणी मागतो हो, पाणी! आणा ते मुखवटे आजोबांच्या पायाशी. मी नेईन त्यांना मुखवट्यांच्या घरी."

हे घर कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही. नुसत्या चेहऱ्याला पाय कुठून आले, हेही नाही.

लोक रांगेने येत होते. सैतान, म्हातारे, वटवाघळं, शिंगवाले बैल. बापजाद्यांनी नाचवलेले मुखवटे पायाशी ठेवून डोळे पुसत मागे सरत होते. आणि मग रांगेत तिबुर्सिया आजी दिसल्या. त्यांच्या हातात वाघ होता.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी निकांद्रो बेयो, गावातला दातांचा डॉक्टर. मुखवटे जमवायचं मला वेड आहे. दवाखान्याच्या भिंती भरल्या, घराच्या भरल्या, आता बायको न्हाणीघराला हात लावू देत नाही म्हणून थांबलोय. पण आजींच्या नवऱ्याचा, एलेउतेरियोचा, तो वाघ माझ्याकडे नव्हता. रानडुकराच्या केसांच्या मिश्या, आरशाच्या तुकड्यांचे डोळे, आणि जबडा असा की मी दंतवैद्य असून घाबरावं! त्या वाघासाठी मी काय नाही केलं? आजींच्या दाढा काढल्या, अख्खी कवळी करून दिली. फुकट! आजी ती कवळी लावून गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "बघू हो डॉक्टर, एवढी काय घाई."

त्याच कवळीने आज त्या हुंदके देत होत्या आणि वाघ त्या उपटसुंभाच्या पायाशी ठेवत होत्या. मला न देता त्याला! मी गर्दीला ढकलत पुढे घुसलो. खोटं कशाला बोलू, ती सत्याची चाड वगैरे काही नव्हती. निव्वळ मत्सर होता.

"थांबा!" मी ओरडलो. "लबाडी आहे ही! पाणी भरलंय त्या डोळ्यांत!"

एवोदियो मायेने हसला. "या डॉक्टर. स्वतःच बघा ना आजोबांचे अश्रू."

मी बोट लावलं. चिकट, कोमट, आणि देवळासारखा वास. पाणी नव्हतं ते. माझं तोंड बघून गर्दीत खसखस पिकली.

"डॉक्टर जळतायत!"

"जळणार नाहीत तर काय? बिचाऱ्यांची कवळी फुकट गेली!"

मी पाय आपटत घरी आलो. गुरुवार होता, म्हणजे हिरवं पोसोले. माझ्या बायकोने, रेमेदियोसने, मक्याचं ते गरम कालवण पुढ्यात ठेवलं आणि लिंबू हातात घेऊन म्हणाली, "पिळू का? की आधीच पुरेसे आंबट झालायत?"

"मी? त्या भोंदूवर जळू? माझी काही पायरी आहे की नाही?"

"मग चमचा का वाकवताय? चांगला चमचा आहे तो, माहेरचा."

इतक्यात दारात लुसिना उभी राहिली. तिबुर्सिया आजींची लेक. डोळे रडून लाल, पण आवाज खणखणीत. यंदा सान मिगेल संताच्या उत्सवात वाघ तीच नाचवणार होती. बाई वाघ नाचवणार म्हणून गावाने वर्षभर नाकं मुरडली होती. पण बापाने मरताना मुखवटा तिच्या हातात दिला होता, त्यापुढे कुणाचं चाललं नव्हतं. आणि आता नाच दोन दिवसांवर आला आणि वाघच गेला.

"आईला झोप नाही," ती म्हणाली. "बाबा पाणी मागतायत असं तिला ऐकू येतं. मी किती समजावलं, ऐकत नाही. उद्या सकाळी तो माणूस सगळे मुखवटे ट्रकमध्ये घालून निघणार. डॉक्टर, तुम्ही काहीतरी करा."

"मी बोललो की लोक म्हणतात, जळतोय."

"जळताच तुम्ही. मला माहीत नाही होय? पण बाकी सगळे भक्त झालेत. मला आता एखादा जळका माणूसच हवाय."

रेमेदियोस तोंडावर शाल धरून हसली. मी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

आम्ही विचार करू लागलो. मुखवटे आमच्याकडे पांगाऱ्याच्या लाकडाचे करतात. हलकं, कोरडं लाकूड, रडणं त्याच्या रक्तातच नाही. मग ओलावा येतो कुठून?

"धुपाटणं नसताना आजोबांना रडताना कुणी पाहिलंय?" मी विचारलं.

लुसिना विचारात पडली. "नाही. धूप चांगला पेटला, की मगच रडतात."

"उष्णता!" मी टेबलावर हात आपटला. "आत काहीतरी वितळतंय. राळ असणार. पण ते बघायला मुखवटा उलटा करावा लागेल."

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. मुखवट्याची आतली बाजू फक्त त्याला नाचवणाऱ्याने बघायची, ही आमची रीत. आत नाचणाऱ्याचा चेहरा असतो, जिवंत असो की मेलेला. त्यात परक्याने डोकावायचं नाही. मी एवढा शिकलेला, पण माझ्याच भिंतीवरच्या मुखवट्यांची पाठ मी कधी पाहिली नव्हती. एवोदियोने ही रीत बरोबर हेरली होती. गावात कुणीही आजोबांना उलटं करणार नव्हतं.

लुसिना एकदम म्हणाली, "पण डॉक्टर, तो काय म्हणतो? आजोबांना कुणी तोंडालाच लावलेलं नाही. मग आत चेहरा कुणाचा?"

असली अक्कल मला सुचायला हवी होती, या विचाराने तिचाही थोडा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारोदारी पिवळ्या फुलांचे क्रूस लागले होते, सैतान आत शिरू नये म्हणून. सैतान अंगणात धूप जाळत उभा होता. निरोपाचं रडणं बघायला गाव जमलं होतं.

लुसिना सरळ पुढे गेली. "गुरुजी, आजोबांना आजवर कुणी नाचवलंय?"

"कुणीही नाही, बेटी! मानवी श्वासाचा स्पर्श नाही."

"नक्की?"

"वीज साक्षी आहे!"

ती गावाकडे वळली. "ऐकलंत ना? कुणी नाचवलंच नाही, म्हणजे आत कुणी मेलेला नाही. मग बघायला हरकत कुणाची?"

अंगणात कुजबुज झाली. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. रीत त्यांना पाठ होती, आणि रीतीप्रमाणे पोरीचं बरोबर होतं.

"हात लावू नका!" एवोदियो किंचाळला. "अविश्वासाने आजोबा रुसतील!"

"रुसू देत," तिबुर्सिया आजी मागून म्हणाल्या. "रडण्यापेक्षा रुसलेले बरे."

तेवढ्यात लुसिनाने मुखवटा काढून उलटा केला. आत, दोन्ही डोळ्यांमागे कोरलेल्या खोबण्या होत्या, त्यांत राळ आणि चरबी कालवून भरलेली. खोबण्यांतून डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत सुईएवढी भोकं. मी ती बघितली आणि मला हसूच फुटलं. दाताच्या मुळात शिरायला मी रोज जी बारीक सुई वापरतो, तसल्याच सुईचं काम होतं ते! कामात सफाई होती, हे कबूल करताना जिवावर आलं.

"हा चमत्कार घरीही होतो," मी म्हणालो आणि पिशवीतून प्लास्टरचा जबडा काढला. आजींच्या दाढा काढण्याआधी कवळीसाठी घेतलेला साचा होता तो. रात्री नुसत्या अंदाजाने त्याला तशीच भोकं पाडून मी राळ भरली होती. धुपाटण्यावर धरला. थोड्याच वेळात जबड्याच्या दाढांतून टपटप अश्रू गळायला लागले.

"आजी," कुणीतरी ओरडलं, "तुमच्या दाढा रडतायत हो!"

अंगण हसून लोळलं. एवोदियो मात्र हळूच मागच्या दाराकडे सरकत होता. तिथे नाचाच्या तालमीची पोरं वाट अडवून उभी होती. आतल्या खोलीत गवतात गुंडाळलेले गावाचे मुखवटे खोक्यांत भरून तयार होते. खोक्यांवर शहरातल्या कुठल्याशा दुकानासाठी रंगाने लिहिलं होतं: जुने, अस्सल, नाचलेले.

ते वाचून माणसं हसायची थांबली. ज्याचा मुखवटा त्याने उचलला, आणि एवोदियोला गावाच्या वेशीपर्यंत कुणी सोडायलाही गेलं नाही.

तिबुर्सिया आजी वाघ छातीशी धरून माझ्याजवळ आल्या. म्हटलं, आता तरी!

"उपकार झाले डॉक्टर," त्या म्हणाल्या.

"छे छे, उपकार कसले! बाकी दवाखान्यात समोरच्या भिंतीवर एक खिळा रिकामा आहे..."

"राहू दे रिकामा," आजी म्हणाल्या. "तुम्हीही त्याला टांगूनच ठेवणार."

अजूनही तो खिळा बघितला की जळतं मला. लोक मला जळका म्हणतात, म्हणू देत. पण मित्रांनो, मत्सरी माणसाने विचारला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही, आणि साधुपुरुषाने दिलं म्हणून उत्तर खरं ठरत नाही. विचारणारा कसा आहे ते नंतर बघा. आधी वस्तू उलटी करून बघा. कुणी बघू देत नसेल, तर तिथे हमखास बघा.

सान मिगेलच्या दिवशी ढोल आणि पावा वाजायला लागले आणि लुसिना वाघ होऊन चौकात उतरली. काय नाचली पोरगी! नाकं मुरडणारे तोंड उघडं टाकून बघत होते, आणि त्यांच्या किडक्या दाढा मला स्पष्ट दिसत होत्या. ऊन डोक्यावर आलं. वाघाच्या हनुवटीखालून थेंब गळायला लागले, एकामागून एक.

"वाघ रडतोय!" गर्दीतून एकाने हात जोडले. "बघा, वाघ रडतोय!"

तिबुर्सिया आजींनी मागे वळून त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"घाम आहे तो, गाढवा," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचा घाम."