सरांचं चुकलेलं भाकीत

शिडीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून बघत होते. फोनवर खुशाली वगैरे विचारायची तिला सवय नाही. “तुमचे सर पडलेत,” ती म्हणाली. “खुब्याचं ऑपरेशन झालं. चालायला तयार नाहीत. महिनाअखेरीपर्यंत उठले नाहीत तर त्यांची लेक घराला कुलूप लावून त्यांना कायमचं शुश्रूषागृहात ठेवणार आहे. येणार असशील तर ये.”

इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी तिच्या तोंडी ते ‘तुमचे सर’च. ती नदीपलीकडच्या कॉलेजची, मी टेकडीवरच्या. नशिबाची गंमत अशी की लग्न होऊन ती आमच्याच गावात आली, सरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि मी मात्र दूर गेले. त्यामुळे आमच्या सरांची खबरबात मला आमच्या शत्रूकडून मिळायची.

दोन्ही कॉलेजं एवढीशी होती. बाहेरच्या जगाला आमचा पत्ताच नव्हता, म्हणून आम्ही एकमेकांवरच जळायचो. वर्षातून एकदा दोन्हींमध्ये लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. टेकडीला वळसा, पंपघरावरून ओढ्यात, ओढ्यातून वर वीटभट्टीपर्यंत आणि मग वाचनालयामागच्या चढावरून परत मैदानात. प्रत्येक संघाच्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक मिळवायचे आणि ज्यांची बेरीज कमी, त्यांची ढाल. म्हणजे पहिल्या नंबराला जेवढी किंमत, तेवढीच पाचवीला. पण हे कोणाला पटवायला जावं? फोटो पहिलीचा, टाळ्या पहिलीला. पाचवी आली काय नि गेली काय.

आमच्या संघातली पाचवी मी. सगळ्यांच्या मागून यायचे म्हणून माझं नाव शेपूट पडलं. त्यांच्यातल्या पाचवीचं नाव आम्ही शिडी ठेवलं होतं. उंच, हडकुळी, पळताना गुडघे छातीला लागतील असं वाटायचं. आम्ही दोघी पुढच्या घोळक्याच्या बऱ्याच मागे, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, एकमेकींना शिव्या घालायलाही दम न उरलेल्या अशा धावायचो. मी तिच्याइतका द्वेष आयुष्यात दुसऱ्या कोणाचा केला नाही, आणि त्यात माझी सासूही धरली आहे.

सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. खेळाचं काम दुसरं कोणी घेईना म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं होतं. बुटके, गोलमटोल, स्वतः कधी बससाठीसुद्धा पळाले नाहीत. पण रोज पहाटे मैदानाच्या कडेला छत्री टेकवून उभे राहायचे आणि पळणाऱ्या मुलींकडे रोपांकडे बघावं तसं बघायचे. कोणाचा पाय कुठे पडतो, कोणाचा श्वास कुठल्या चढावर तुटतो, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आणि त्यातूनच ती भाकिताची प्रथा सुरू झाली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही संघ आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये एकत्र जेवायचे. जेवण झालं की सर हात धुवायचे, खडू घ्यायचे आणि तिथल्या फळ्यावर उद्याचा सगळा निकाल लिहून टाकायचे. पहिली कोण, दुसरी कोण, अगदी शेवटच्या मुलीपर्यंत. त्यांच्या हातात खडू आला की कँटीनमध्ये भांड्यांचाही आवाज थांबायचा. नियम एकच होता. भाकीत चुकलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सरांनी स्वतः फळा पुसायचा. ते फारसं चुकत नसत. नदीपलीकडच्या मुलीसुद्धा मान तिरकी करून आपलं नाव शोधायच्या.

पहिल्या वर्षी सरांनी मला शिडीच्या मागे लिहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचे सर, स्वतःचं कॉलेज, आणि परक्या मुलीला पुढे? दुसऱ्या दिवशी वाचनालयामागच्या चढावर मी दात-ओठ खात शिडीला मागे टाकलं. सरांनी मुकाट्याने फळा पुसला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. पुन्हा मी मागे, पुन्हा माझा संताप, पुन्हा सरांच्या हातात फडकं. बाकी सगळ्या मुली फळ्याप्रमाणे यायच्या, चुकायची ती फक्त माझी जागा. मैत्रिणी म्हणायच्या, सरांना सगळ्या जगाचं कळतं, शेपटाचं तेवढं कळत नाही.

तिसरं वर्ष शेवटचं. त्या संध्याकाळी सरांनी लिहायला घेतलं आणि माझी जागा आल्यावर जरा थांबले. मग शिडीच्या वर माझं नाव लिहिलं.

काय सांगू तुम्हाला. झोप लागली ती हसतच. सकाळी मी अशी पळाले की पायाखाली जमीन आहे की नाही याचं भान नव्हतं. पंपघरापाशी शिडी मागे, वीटभट्टीपाशी मागे, चढावरही मागे. मैदानात शिरले तर समोर कडेला सर छत्री टेकवून उभे. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. माझ्यावर विश्वास टाकलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते. मी मान वळवून बघितलं, एवढंच. तेवढ्यात शिडी माझ्या दुसऱ्या अंगाने गेली. बेरजेत एका अंकाने ढाल नदीपलीकडे गेली.

सरांनी फळा पुसला. पुसताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझं चुकलं.”

बस, एवढे दोन शब्द. पण ते माझ्या काळजात रुतून बसले. एका माणसाने आयुष्यात एकदा आपल्याला पुढे लिहिलं आणि त्याला म्हणावं लागलं, माझं चुकलं. लग्न झालं, मुलं झाली, दुकान उभं राहिलं, पण काही मनासारखं झालं नाही की ते शब्द कुठून तरी वर यायचे. सरांना दिवाळखोरासारखी तोंड चुकवून भेटायचे, उंबऱ्यावरूनच पळायचे.

फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी शुश्रूषागृहात हजर झाले. लांबलचक व्हरांडा, एका टोकाला मोठी खिडकी, भिंतीवर एक फळा. त्यावर परिचारिका रोजचं जेवण आणि कोणाची अंघोळ कधी ते लिहायच्या. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. गोलमटोल माणूस आटून उशीएवढा झाला होता. कोपऱ्यात चालण्याचा वॉकर होता आणि त्यावर टॉवेल वाळत घातला होता. टॉवेल पार कडक झाला होता.

सगळे त्यांना धीर देत होते. लेक म्हणायची, बाबा, तुम्ही नक्की चालणार. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणायची, आजोबा, तुमच्यासारखा शूर माणूस मी पाहिला नाही. मीही गेल्या गेल्या तेच पालुपद लावलं. सर, तुम्ही उठणारच, माझी खात्री आहे. सरांनी मान वळवली, मला ओळखलं, म्हणाले, “शेपूट का? बस,” आणि परत भिंतीकडे वळले.

बाहेर बाकावर शिडीने थर्मासमधला चहा माझ्यासाठी ओतला. मी डोळे पुसत होते.

“तुला एक सांगू?” ती म्हणाली. “शेवटच्या वर्षी मी तुझ्यापेक्षा जोरात पळत नव्हते गं. पण त्या फळ्यावर मला पहिल्यांदाच मागे लिहिलं होतं. दोन वर्षं पुढे लिहिल्यावर मी निवांत होते. त्या दिवशी मात्र डोकं असं फिरलं की पायांना काही कळलंच नाही.”

मी कप खाली ठेवला. दोन वर्षं मला मागे लिहिलं, तेव्हा मी जिंकले. तिला मागे लिहिलं, तेव्हा ती जिंकली. ही साधी गोष्ट इतकी वर्षं माझ्या डोक्यात शिरली नव्हती. चष्मे विकते मी, म्हणे.

सरांच्या समोरच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांचाही खुबा बदललेला, पण गडी उत्साही. रोज सकाळी वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे आणि वाटेत प्रत्येक खोलीत डोकावून सांगायचे की आपण जाऊन आलो. सर त्यांच्या आवाजानेच डोळे मिटून घ्यायचे. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला फुशारकी सहन होत नाही.

मी परिचारिकेला विचारून खडू घेतला. फळ्यावर दुपारच्या जेवणाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. उद्या सकाळी, खिडकीपर्यंत. पहिले, पोस्टमास्तर. दुसरे, सर. मग शिडीने माझ्या हातातून खडू घेऊन खाली भर घातली, की दुसरे येणारही नाहीत. तिला कुठे थांबावं ते कधीच कळलेलं नाही.

लेक रागावली. आजारी माणसाची अशी थट्टा करतात का, म्हणाली. मी तिला म्हटलं, ताई, हे आमच्या घरातलं औषध आहे. आम्ही सरांची खाट फिरवली आणि दार उघडं ठेवलं. पडल्या पडल्या फळा दिसत होता.

पोस्टमास्तरांनी ते वाचलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटले. दिवे लागायच्या सुमारास सरांनी विचारलं, “हा गृहस्थ उजवा पाय ओढतो, बघितलंस?”

मी म्हटलं, नाही बघितलं.

“बघायला हवं होतंस,” ते म्हणाले. “आणि तो टॉवेल काढ तिथला.”

सकाळी व्हरांड्यात ही गर्दी. पोस्टमास्तर केस विंचरून आले होते. सरांना दोन बाजूंनी धरून उभं केलं तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते. हे पडले तर? पण आता माघार नव्हती. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

पोस्टमास्तर निघाले ते मिरवत. सर एक पाऊल टाकायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, दुसरं टाकायचे. व्यायाम करून घेणारी मुलगी मागोमाग हात पसरून चालत होती. मध्यावर पोस्टमास्तर कोणाला तरी नमस्कार करायला थांबले, मग दम खायला थांबले. सरांनी त्यांना गाठलं. कपाळावरून घाम ओघळत होता. सर पोस्टमास्तरांच्या पुढे गेले आणि त्यांची मान वर होऊ लागली. मला कळलं, त्यांना माझं तोंड बघायचं होतं.

“माझ्याकडे बघू नका, सर,” मी ओरडले. “खिडकी बघा.”

त्यांनी मान खाली घातली आणि आले. खिडकीच्या दांडीला हात लागला तेव्हा लेक रडत होती, आणि शिडी, जिने आयुष्यात माझ्यासाठी टाळी वाजवली नव्हती, ती टाळ्या वाजवत होती. मागून पोस्टमास्तर पोहोचले आणि म्हणाले, आज चप्पल नवी होती.

सरांना खुर्चीवर बसवलं. मी फडकं घेऊन फळ्याकडे निघाले. भाकीत चुकलं होतं, नियम म्हणजे नियम. चुकल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि मग एकाएकी वाटलं, दोन वर्षं सरांनाही असाच झाला असेल.

“शेपूट,” सरांनी हाक मारली. दम लागलेलाच होता. “उद्याचं लिहून ठेव.”

मी म्हटलं, आता तुम्हालाच पहिलं लिहिते, सर. पोस्टमास्तर काहीही म्हणोत.

“नको, मलाच मागे लिही,” ते म्हणाले. “दोन वर्षं मी तुझ्याबद्दल खोटं लिहिलं आणि तू पळालीस. तिसऱ्या वर्षी राहवलं नाही, खरं काय ते लिहून बसलो. तेवढं चुकलं माझं. खरं आपलं मनात ठेवायचं.”

मी खडू उचलला. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, तरी अंदाजाने लिहिलं. पहिले, पोस्टमास्तर. दुसरे, सर.