महानंदाअक्का आणि शवागारातली फरशी

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या फरश्या तुम्ही घरात, शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या ओट्यावर पाहिल्या असतील. उन्हाळ्याच्या दुपारी त्यांच्यावर उघड्या अंगाने लोळलाही असाल. माझ्या पाठीवर मात्र जिवंत माणूस कधी आडवा झाला नाही. माझं सगळं आयुष्य एका सरकारी दवाखान्याच्या शवागारात गेलं.

माझा जन्म शहाबादच्या खाणीतला. तिथे दगडाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. गुरुशांतप्पा नावाच्या कामगाराने पहारीने मला अलगद सोडवलं. मी पुरुषभर लांब आणि अखंड निघाले, कुठे चीर नाही. तो खूश झाला. "हिचे तुकडे करू नका, चांगल्या जागी जाईल ही," असं तो मुकादमाला म्हणाला. माझ्या बहिणी गाणगापूरच्या एका धर्मशाळेला गेल्या. तिथे त्यांच्यावर यात्रेकरूंच्या पंगती बसतात असं मी ऐकलं. मला वाटलं, माझ्याही वाट्याला असंच काही येईल. पण मला बसवकल्याणच्या बाजूच्या एका दवाखान्यात आणलं आणि मागच्या आवारातल्या एका बुटक्या खोलीत विटांच्या कट्ट्यावर बसवलं. गवंड्याने माझ्या कडेने पाणी जायला पन्हाळ कोरली. ती कशासाठी, हे मला पहिला देह आला तेव्हा कळलं.

मित्रांनो, घाबरू नका. एखादा माणूस अपघातात गेला, पाण्यात बुडाला किंवा विषाने गेला, तर तो नेमका कशाने गेला हे डॉक्टरांना शोधावं लागतं. त्यासाठी देह उघडून आतून तपासतात. त्याला शवविच्छेदन म्हणतात. आमच्याकडे सगळे पोस्टमार्टमच म्हणतात. डॉक्टरांच्या हाताखाली एक तंत्रज्ञ असतो. देह उचलून फरशीवर घ्यायचा, डॉक्टर सांगतील तसा उघडायचा, तपासणी झाली की सगळं परत जागच्या जागी ठेवून टाके घालायचे, धुऊन पुसून घरच्यांच्या हवाली करायचा, हे त्याचं काम. मेलेल्या माणसाला स्वतःचं काही सांगता येत नाही. त्याच्या वतीने या खोलीत बोललं जातं.

सुरुवातीची माणसं हे काम कसंतरी उरकायची. वास सहन होत नाही म्हणून पिऊन यायची, गोणी शिवावी तसे टाके घालायची, आणि मला तशीच टाकून निघून जायची. माश्या घोंगावत राहायच्या. चांगल्या जागी जायला निघालेली मी, असं मनात यायचं आणि फार वाईट वाटायचं.

मग महानंदाअक्का आली.

ती वॉर्डात आया होती. मूळची दुबलगुंडीची. नवरा ट्रकवर होता, तो अपघातात गेल्यावर नोकरीला लागलेली. त्या दिवशी एका बाईचं शवविच्छेदन होतं आणि तिची आई दारात बसून एकच म्हणत होती, "माझ्या लेकीच्या अंगाला गड्याचा हात नको." डॉक्टर श्रीदेवी नव्यानेच आल्या होत्या. त्यांनी व्हरांड्यात उभं राहून विचारलं, "बायकांपैकी कुणी येतंय का मदतीला?" सगळ्या जणी खाली बघू लागल्या. महानंदाअक्काने हातातली बादली कडेला ठेवली आणि पदर खोचून आत आली.

पुढे ती कलबुर्गीला जाऊन रीतसर शिकून आली आणि शवागाराची तंत्रज्ञ झाली. त्यानंतरचे दिवस माझे सुखाचे होते. काम संपलं की ती मला साबणाने घासायची, पन्हाळ काडीने साफ करायची, फिनेल टाकून दारं उघडी ठेवायची. देहाला हात लावायच्या आधी ती त्याच्याशी बोलायची. "जरा कड बदलते हं बाई. आता डोकं उचलते." शववाहिकेचा ड्रायव्हर सिद्धप्पा एकदा हे ऐकून दारातच थबकला.

"अक्का, कुणासंगं बोलायलीस?"

"ह्यांच्यासंगंच की. न सांगता अंगाला हात लावलेला कुणाला आवडतंय?"

सिद्धप्पा हसला नाही. त्या दिवसापासून तोही स्ट्रेचर हळू टेकवू लागला.

तिचे टाके बारीक असायचे. बायकांचे केस ती धुऊन विंचरून द्यायची. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं दारात विचारायची, "ती अक्का हाय का आत?" आहे म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. डॉक्टर श्रीदेवी एकदा म्हणाल्या की ही खोली आता कुठे दवाखान्याची वाटते. ते मलाही लागू आहे असं समजून मी मनातल्या मनात ताठ झाले.

अशातच एका सकाळी स्नेहाला आणलं.

कोवळं वय, लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती, घरी तान्ही मुलगी. पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली, असं सासरचे सांगत होते. महानंदाअक्काने चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं आणि तिचा हात तिथेच थांबला. ही अंकुशची पोर होती. अंकुशराव दुबलगुंडीचा शेतकरी; अक्काच्या माहेरच्या गल्लीतला, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. स्नेहाला तिने बारशात मांडीवर घेतलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला जमणार नसेल तर दुसरं कुणी बोलावते."

"न्हाई बाई," अक्का म्हणाली. "वळखीची हाय म्हनून तर मीच करते."

कपडे उतरवल्यावर दोघींनाही ते दिसलं. स्नेहाच्या दोन्ही दंडांवर बोटांचे काळेनिळे वळ होते. डॉक्टरबाईंनी वाकून पाहिलं, फोटो काढून घेतले आणि म्हणाल्या, "हे जिवंतपणीचे आहेत. कुणीतरी हिला घट्ट धरलं होतं." त्यांनी ते अहवालात तसंच लिहिलं. अक्काने त्या दिवशी शिवायला फार वेळ लावला. केस धुतले, पुसले, वेणी घातली.

मग अंकुशरावला आत घेतलं. डॉक्टरबाईंनी त्याला वळ दाखवले, समजावून सांगितलं आणि त्या बाहेर गेल्या. तो खाली बसला आणि माझ्या कडेवर कपाळ टेकलं. त्याच्या आसवांचं पाणी पन्हाळीतून वाहत गेलं. माझ्यावरून तोवर खूप काही वाहिलं होतं, पण ते पाणी गरम होतं.

"अक्का," तो म्हणाला, "तिथं सगळी त्यांचीच मान्सं हायती. माझ्या लेकीचं खरं कोन सांगनार?"

"डॉक्टरबाईनी लिवलंय की."

"तू बी सांग. तू बघितलीस न्हवं?"

"बघितले."

"मग वचन दे मला. कितीबी भ्या घातलं तर मागं सरनार न्हाई म्हनून."

अक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दिलं," ती म्हणाली.

खटला उभा राहिला. सासरची माणसं गावात वजनदार होती. अक्काच्या घरी निरोप आले, धमक्या आल्या. ती सिद्धप्पाला सांगायची आणि मी ऐकायचे. ती डगमगली नाही. अधूनमधून अंकुशराव येऊन दारात बसायचा. "तुझ्यावरच भरवसा हाय, अक्का," म्हणायचा. ती त्याला डब्यातली अर्धी भाकरी द्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो आला तेव्हा आत येऊन उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"नात त्यांच्या घरी हाय, अक्का. मला बघू बी देईनात. खटला चालवलास तर जन्मात दावनार न्हाई म्हनायलेत."

"कोर्टाला सांग की तसं."

"कोर्ट काय रोज माझ्यासंगं येनार हाय व्हय?" तो खाली बघत म्हणाला. "तू एवढंच म्हन, की उचलून फरशीवर घेताना तुझ्या हातानं दंड दाबले गेले. मग वळाचा प्रश्नच न्हाई ऱ्हात."

अक्का मला पुसत होती. तिने फडकं बादलीत टाकलं.

"ते माझ्या हातानं झालं न्हाई, अंकुश."

"मला ठाव हाय."

"ठाव हाय तर कामून म्हनायलास?"

"नातीसाठी."

"आन् लेकीसाठी?"

तो दाराकडे वळला. अक्का म्हणाली, "तुझा जीव कुठं अडकलाय ते मला कळतंय. तू गप बस, मी तुला नावं ठिवनार न्हाई. पर मी बघितलंय ते मला न्हाई बघितल्यावानी करता येत न्हाई."

तो निघून गेला. अक्काला वाटलं, फार तर तो गप्प बसेल. मलाही तसंच वाटलं.

साक्षीच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून कोर्टात गेली. परत आली ती सरळ शवागारात. त्या दिवशी कुणाचा देह नव्हता. ती माझ्या कडेवर बसली, मित्रांनो. आजवर ती कधी माझ्यावर बसली नव्हती. सिद्धप्पा मागोमाग आला.

"काय झालं, अक्का?"

"हात करून दावलं त्यानं माझ्याकडं. म्हनला, हीच बाई. मी दारातून डोळ्यानं बघितलो, हिनं माझ्या लेकीला दंडाला धरून ओढली."

"अंकुशराव म्हनला असं?"

"त्यांचा वकील म्हनला, ही मान्सं पिऊन काम करत्यात. अंकुशला इचारलं, ही पिलती का? त्यो म्हनला, वास यायलता." ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. "माझ्या भाकरीतली अर्धी खाऊन गेलाय त्यो, सिद्धप्पा. गप बसला असता तर मी रडले नसते."

डॉक्टर श्रीदेवींची तोवर बदली झाली होती. त्या मुद्दाम येऊन कोर्टात स्पष्ट सांगून गेल्या की वळ जिवंतपणीचेच आहेत. पण जन्मदाता बापच उलटला, त्याच्यामागे इतर साक्षीदारही उलटले, तेव्हा खटल्यात काही उरलं नाही. सासरची माणसं सुटली. अंकुशरावला नात भेटू लागली.

आणि अक्काच्या नावाला डाग लागला. चौकशी झाली, तिच्याविरुद्ध काही सापडलं नाही; पण चौकशी झाली एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. ज्या बायका तिचं नाव घेऊन यायच्या, त्याच आता कुजबुजायच्या, "तीच न्हवं ती, मढी वढनारी?" तिला शवागारातून काढून चादरी धुण्याच्या कामावर घातलं. पुढे शवागाराची नवी इमारत झाली, तिथे चकचकीत स्टीलचं टेबल आलं. मला पहारीने उचकटताना माझा एक कोपरा तुटला. मी मागच्या नळाखाली धुण्याचा दगड झाले. त्याच नळावर अक्का चादरी धुते. आम्ही दोघी पुन्हा एकत्र आलो, पण आता तिला कुणी अक्का म्हणून हाक मारत नाही. फक्त सिद्धप्पा मारतो.

परवाची गोष्ट आहे. दुपारी एक चार-पाच वर्षांची पोर पेला घेऊन नळावर आली. अक्काने वर पाहिलं आणि तिचे साबणाचे हात तसेच राहिले. तोच चेहरा, तेच कपाळ. मीही ओळखलं, तिच्या आईचं डोकं किती वेळ माझ्यावर टेकलेलं होतं. अक्काने हात स्वच्छ धुतले, पदराला पुसले आणि पेला भरून दिला.

"पी बाळ. दवाखान्यात कोन हाय तुजं?"

"आजीला ताप आलाय," पोर म्हणाली. "आबा बी आलेत."

तेवढ्यात अंकुशराव व्हरांड्यातून खाली आला. अक्काला पाहून जागीच थांबला. आता तो काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. अगदी थोडं बोलला असता तरी चाललं असतं. व्हरांड्यातून त्या आजारी आजीचा, म्हणजे स्नेहाच्या सासूचा, आवाज आला, "त्या बाईच्या हातचं पानी पिऊ देऊ नका तिला."

अंकुशरावने पुढे होऊन नातीच्या हातातून पेला घेतला आणि पाणी ओतून टाकलं. मग खाली बसून त्याने नळाशी भांड्यांसाठी ठेवलेली राख चिमटीत घेतली, पेला आतून-बाहेरून घासला, विसळला आणि पुन्हा भरला. अक्का हातभर अंतरावर उभी होती. त्याने मान वर केली नाही. नातीचं बोट धरून तो निघून गेला.

सिद्धप्पा गाडीजवळून सगळं बघत होता. तो तरातरा आला. "सांग त्या पोरीला, तुझ्या मायला कुनी धुतलं, कुनी तिची येनी घातली ते."

"नगं," अक्का म्हणाली. "तिला त्याच घरात ऱ्हायचंय."

मित्रांनो, मी दगड आहे, माझं कोण ऐकणार? पण तुम्ही लहान आहात म्हणून सांगते. तुमच्यासाठी कुणी खरं बोलायला उभं राहिलं, तर त्याच्या बाजूला उभे राहा. भीती वाटली, तर एक वेळ गप्प बसा; भीती सगळ्यांनाच वाटते. पण ज्याने तुमचं दुःख आपल्या हातांनी धुतलं, त्याच्याच हातांवर खोटं ढकलू नका. मी कोपऱ्याला फुटले आहे, तरी माझ्यावर चादरी धुता येतात. अक्काचं जे फुटलं, ते मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पूर्वी ती काम करताना बोलायची. आता ती चादर माझ्यावर पसरते, साबण लावते, आपटते, पिळते, आणि दिवसभर एक शब्द बोलत नाही.