तीन वाजता रडणारी गाडी

तीन वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि ताईच्या इमारतीखाली साठ-सत्तर माणसं एका जुन्या मोटारीसमोर श्वास रोखून उभी होती. लहान पोरं खांद्यावर, म्हाताऱ्यांना खुर्च्या, वरच्या गॅलऱ्या खच्चून भरलेल्या. गाडी निळी, रंग विटलेला, मागच्या दाराला पोचा. आत कोणी नव्हतं. गाडीची किल्ली रिमोटसकट समोरच्या स्टुलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती.

तीनच्या ठोक्याला गाडी किंचाळली. अर्धा मिनिट भोंगा केकाटत राहिला, चारी दिवे उघडझाप करत राहिले, आणि मग सगळं एकदम शांत झालं.

"आले!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. माणसं डोळे पुसू लागली.

गाडीपाशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक माणूस उभा होता. तो स्वतःला दुभाषी म्हणवून घेई. मेलेल्यांचं बोलणं जिवंतांना उलगडून सांगणं हा त्याचा धंदा. त्याच्या खांद्याला माझ्या भाऊजींची ऑफिसची बॅग होती आणि उजवा हात बॅगेच्या आत. "मृताच्या वस्तूंचा स्पर्श तुटता कामा नये," असं त्याने सुरुवातीलाच बजावलं होतं.

"आत्म्याला कंठ नसतो, मंडळी! तो विजेचा कंठ उसना घेतो. लहरीला लहर भेटते, कंपनाला कंपन!" पुढचं मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. पण 'कंपन' ऐकून पुढच्या खुर्चीतल्या निवृत्त हेडमास्तरांनीसुद्धा मान डोलावली. "एक आवाज म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. आपण इथे आहात का?"

गाडी म्हणाली, "टीं."

"आपल्याला शांती मिळाली आहे का?"

"टीं टीं."

"आपल्या लेकीने त्या दिवशी फोन कापला, त्याचं दुःख आहे का?"

"टीं."

माझी एकोणीस वर्षांची भाची गाडीसमोर जमिनीवर बसली होती. तिने मान वर केली नाही. पण तिचे खांदे असे आक्रसले, जणू कुणी मारायला हात उगारलाय.

भाऊजींना जाऊन चार महिने झाले होते. ते कचेरीत दुपारी तीनला कोसळले. त्याच्या अर्धा तास आधी त्यांनी लेकीला फोन केला होता. सकाळी दोघांचं वाजलं होतं, म्हणून तिने तो कापला. पुढे महिन्या-दोन महिन्यांतच त्यांची गाडी रोज तीनच्या सुमाराला आपोआप ओरडायला लागली. ताईने हे सगळं दुभाष्याला रडत रडत सांगितलं होतं, आणि त्याने तेच तिला अद्भुत म्हणून परत विकलं होतं. शेवटी निकालही दिला: मुलीने कॉलेज सोडून त्याच्या निवासात चाळीस दिवस सेवेला राहायचं. उद्या दुपारी तो तिला घेऊन जाणार होता. भाचीचा निरोप आला, "मामा, मी जातेय," म्हणून मी धावत आलो होतो.

आता माझ्याविषयी सांगतो, कारण ते लपवलं तर ही गोष्ट खोटी होईल. मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे. त्या गाडीला अलार्म मीच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी. बॉनेटखाली एक बटणासारखा स्विच असतो. बॉनेट बंद असलं की तो दाबलेला राहतो, उघडलं की सुटतो आणि भोंगा वाजतो. त्या दिवशी माझ्याकडे नवा स्विच नव्हता. मी भंगारातल्या एका गाडीचा काढून लावला आणि भाऊजींना म्हणालो, "नंतर बदलून देतो." ते नंतर आलंच नाही.

दोन महिन्यांपूर्वी ताईचा फोन आला होता. "अरे, गाडी रोज दुपारी बोंबलते. येऊन बघ ना रे."

काय बिघडलं असेल ते मी फोनवरच ओळखलं होतं. म्हणूनच गेलो नाही. नवऱ्याच्या मागे एकट्या पडलेल्या बहिणीसमोर बॉनेट उघडून "हे माझंच काम" असं म्हणायची मला लाज वाटली. "जुनी गाडी आहे, चालायचंच. रविवारी येतो," म्हणालो. असे आठ रविवार गेले. त्या आठ रविवारांत तो दुभाषी घरात शिरला.

तीनच्या भोंग्याचं कारण मला ठाऊक होतं, पण त्या 'टीं टीं'चं नव्हतं. मी गाडीच्या काचेतून आत पाहत राहिलो. 'नाही' झालं की दारांच्या लॉकच्या खुंट्या टप्पकन वर येत होत्या, 'हो' झालं की खाली जात होत्या. लॉक करताना एकदा, उघडताना दोनदा. कुठलाही अलार्म हेच करतो. स्टुलावरच्या रिमोटला कुणी हात लावत नव्हतं, म्हणून लोकांना तो चमत्कार वाटत होता. पण मी भाऊजींना रिमोट दोन दिले होते.

संध्याकाळी मी ताईला विचारलं, "त्या बॅगेत काय काय होतं?"

"मला काय माहीत? उघडायचा धीर झाला नाही. होती तशीच दिली."

"ताई, दुसरा रिमोट त्याच बॅगेत—"

"पुरे!" ती एकदम उसळली. "बोलावलं तेव्हा फिरकला नाहीस. आता अक्कल शिकवायला आलास?"

मी खाली मान घालून बाहेर पडलो.

सकाळी हत्यारं घेऊन गाडीपाशी आलो, तर भाची आधीच तिथे उभी. म्हणाली, "मलाही बघायचंय. खरं असेल तर खरं, खोटं असेल तर खोटं."

बॉनेट उघडलं. स्विचची दांडी गंजून आखूड झालेली, वरचं रबर कुजलेलं. बॉनेट जेमतेम त्याला टेकत होतं. केसभर वर गेलं तरी सुटायचं.

"पण मग तीनलाच कसं?" तिने विचारलं.

"या जागेवर ऊन कधी येतं?"

ती समोरच्या इमारतीकडे बघत राहिली. "सकाळभर त्यांची सावली असते. दोननंतर हटते." मग सावकाश म्हणाली, "पत्रा तापतो... आणि फुगतो."

"तेवढंच."

स्विच मी तसाच ठेवला. मात्र अलार्मच्या स्मरणातून दोन्ही जुने रिमोट पुसून टाकले आणि दुकानातून आणलेला नवा एक ओळखीचा करून खिशात टाकला. दोन वाजता भाचीने एक चादर पाण्यात भिजवून बॉनेटवर पसरली.

पावणेतीनला गर्दी कालच्या दुप्पट. चादर बघून दुभाष्याच्या कपाळाला आठी पडली. "हे काय?"

"बाबांना ऊन लागू नये म्हणून," भाची म्हणाली. ती सारखी चादर ओली करत होती.

तीन वाजले. तीन पाच झाले. गाडी गप्प. गर्दीत चुळबुळ सुरू झाली.

"आत्मा रुसला आहे," दुभाषी म्हणाला. "इथे कुणीतरी अश्रद्ध उभा आहे. पण मी विचारतो. आपली लेक सेवेला यावी अशी आपली इच्छा आहे ना?" बॅगेतल्या हाताचं कोपर किंचित हललं.

मी खिशातलं बटण दाबलं. "टीं टीं."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच मेलेल्याने त्याला न विचारता उत्तर दिलं होतं! "पुन्हा विचारतो! नीट ऐका! लेक यावी ना?"

"टीं टीं."

"आज लहरी दूषित आहेत!" तो ओरडला. बॅगेतला हात आता उंदीर शिरल्यासारखा वळवळत होता.

मी पुढे झालो आणि रिमोट सगळ्यांसमोर धरला. दाबून दाखवला: हो, नाही, हो, नाही, हो. "काल हेच यांच्या बॅगेतून चाललं होतं. आज सकाळी मी तो रिमोट बाद केला."

"आरोप आहे हा!" दुभाषी मागे सरकला.

तेव्हा ताई उठली. ती त्याच्याकडे गेली आणि हात पुढे केला. "माझ्या नवऱ्याची बॅग द्या."

त्याने दिली नाही, तिने ओढून घेतली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने त्या बॅगेत हात घातला. चष्मा निघाला, डायरी निघाली, आणि मग दुसरा रिमोट. तिने तो हेडमास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कालच्या डोलावण्याची शरम त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

"पण रोज तीनला वाजायची ती?" मागून कुणीतरी विचारलं.

भाचीने चादर काढली. "थांबा अर्धा तास. आज उशिरा वाजेल."

लोक थांबले. चारला वीस मिनिटं असताना गाडी किंचाळली. त्या गोंधळात दुभाषी केव्हा निसटला ते कुणालाच कळलं नाही.

मी बॉनेट उघडून तो गंजका स्विच दाखवला आणि तो कुणी लावला तेही सांगितलं. आठ रविवारांचंही सांगितलं. टाळ्या वाजवायला सरसावलेले काही हात खाली आले, ते बरंच झालं.

ताई म्हणाली, "एका स्विचचं काम होतं, आणि माझी पोर जाणार होती." एवढंच म्हणाली. तिने मला माफ केलेलं नाही. मी मागितलीही नाही माफी. त्याला अजून वेळ आहे.

गर्दी पांगल्यावर भाची माझ्या हातातल्या रिमोटकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला धीर हवाय. म्हणालो, "विचार ना, बाबा रागावलेत का. दोनदा वाजव, मनातलं निघून जाईल."

"नको मामा. बोट माझंच ना?" ती म्हणाली. मग विचारलं, "फोन उचलला असता तर ते वाचले असते का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांना विचारू. मी येतो बरोबर."

दुसऱ्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी कागद पुढ्यात ठेवून तिला तासभर समजावलं: अडथळा केवढा होता, कुठे होता, अर्ध्या तासात काय शक्य होतं आणि काय नव्हतं. ते तिचा अपराध पुसू शकले नाहीत, पण त्याचा खरा आकार त्यांनी तिला दाखवला. ती कॉलेजला जाते आहे.

वाचकहो, यंत्र ओरडलं तर ते उघडून बघा. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचा हात कुठे आहे ते बघा. आणि घरातलं कुणी दुःखात असताना हाक मारत असेल, तर त्याच दिवशी जा. आपण गेलो नाही तर तिथे दुसरं कुणीतरी पोचतं, आणि त्याला त्या दुःखाचा भाव बरोबर ठाऊक असतो.