हे तेल नाही

दार जरा जपून लावा, बिजागरी गेली आहे. बसायचं असेल तर मागच्या सीटवर बसा, पुढच्या सीटची स्प्रिंग टोचते. मी एक फियाट बोलतेय. चौसष्ट सालची. रंग मूळचा मोतिया होता, आता कसला आहे ते तुम्हीच ठरवा. नाशकात सारडा सर्कलच्या मागे झुंबर मिस्त्रींचं गॅरेज आहे, त्या आवारात कडुनिंबाखाली मी उभी आहे. इंजिन काढून नेलंय, त्यामुळे बोलायला वेळच वेळ आहे.

माझा पहिला मालक मुंबईचा वकील, दुसरा नाशकातला डॉक्टर. दोघांनीही मला विकताना माझं इतकं कौतुक केलं, की मग विकताय कशाला, असं मलाच विचारावंसं वाटलं. एकोणऐंशी साली लासलगावचे कांद्याचे अडते खंडेराव मला बघायला आले. अंगानं जाडजूड, आवाज लिलावात कमावलेला. सोबत त्यांचा ड्रायव्हर सहादू. पन्नाशीचा, अबोल, आयुष्यभर ट्रक चालवलेला. त्यानं माझ्या स्टिअरिंगला हात लावला आणि माझी काळजी मिटली.

खंडेरावांनी सौदा ठरवण्याआधी मला झुंबर मिस्त्रींना दाखवलं. काडी मोडलेला चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला हा किडकिडीत माणूस माझ्याभोवती एकदा फिरला, एकदा माझ्याखाली निजला आणि बाहेर येऊन म्हणाला, "गाडी चांगली आहे शेठ, घ्या. फक्त ब्रेकचं तेल अधूनमधून बघत जा. कमी दिसलं तर घाला."

हा 'तेल' शब्द तेवढा लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी झालं.

दोन वर्षं माझी मजेत गेली. मग एक्याऐंशीची खंडेनवमी आली. आमच्याकडे हा हत्यारांचा सण. विळ्या-कोयत्यापासून तराजूपर्यंत सगळं घासूनपुसून, तेलाचा हात देऊन पूजायचं. खंडेरावांनी त्या दिवशी सहादूला मला हात लावू दिला नाही. स्वतः धुतलं, स्वतः पुसलं, झेंडूची माळ घातली. मग बॉनेट उघडलं आणि त्यांना मिस्त्रींचे शब्द आठवले. ब्रेकच्या डबीचं टोपण काढलं, आत पातळी बोटभर खाली होती. शेजारी इंजिनासाठी आणलेल्या तेलाचा डबा होता. त्यातलं दाट, सोनेरी तेल त्यांनी त्या डबीत काठोकाठ ओतलं.

"पी बाई," म्हणाले. "तुझा बी सण हाय."

मायेनं ओतलं हो. पण मला ओरडावंसं वाटलं. ब्रेकमध्ये जे असतं त्याला सगळं जग तेल म्हणतं, पण ते तेल नसतं. ते वेगळंच द्रव असतं. आत रबराच्या छोट्या वाट्या असतात, त्यांना इंजिनाचं तेल लागलं की त्या फुगतात. मग पेडल दाबलं की ब्रेक लागतो, पण पाय उचलला तरी तो पुरता सुटत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि मला फक्त हॉर्न वाजवता येत होता, तोसुद्धा दुसऱ्या कुणी दाबला तर.

दिवाळीनंतर मी जड चालू लागले. चाकांना जळका वास येऊ लागला. लासलगावातल्या एका मिस्त्रीनं चाकं खोलली, तर ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला घासून ते थांबवणारे पट्टे, करपलेले. त्यानं नवे बसवले आणि वर शहाणपण सांगितलं, "ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून गाडी चालवतोय." पंधरा दिवसांत नवे लायनरही करपले. खंडेराव सहादूच्या पायांकडे बघायला लागले.

"नाय ठेवत पाय, शेठ," सहादू एवढंच म्हणाला. त्याला जास्त बोलता येत नसे, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे हाल मला चांगले कळतात.

मार्गशीर्षात खंडेरावांची आई, कुसाबाई, हट्टाला पेटली. डॉक्टरांनी तिला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी सांगितली होती आणि नागली तिला सुरगाण्याच्या बाजारचीच हवी होती. निघालो; सहादूशेजारी खंडेराव, मागं कुसाबाई. घाटाचा उतार लागला आणि माझी चारही चाकं तापत गेली. तिसऱ्या वळणावर नळ्यांमधलं ते भेसळीचं तेल उकळलं. सहादूनं ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काही नाही. सहादूनं गियर उतरवत नेला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि माझी डावी कूस अलगद डोंगराच्या मातीला घासत नेली. माझा पत्रा सोलवटला, पण मी उभी राहिले. मागं कुसाबाईला डुलकी लागली होती. ती जागी होऊन म्हणाली, "आलं का रं सुरगाणं?"

खरी पंचाईत पुढेच झाली. अर्ध्या तासात मी थंड झाले आणि पेडल पुन्हा टणक झालं. खंडेरावांनी स्वतः बसून ते तीनदा दाबून पाहिलं.

"कुठं गेलाय ब्रेक? हा काय, लागतोय की!" त्यांचा आवाज घाटात घुमला. "पाय ठिवून ठिवून जाळलास तू. माझी आय होती गाडीत, सहादू! आता नाशकाला झुंबर मिस्त्रीकडं जायचं. त्यो म्हनला तुझा पाय, तर सोमवारपास्नं तू दुसरीकडं बघ."

दुसरीकडं कुठं बघणार? मालकाच्या आईला घेऊन ब्रेक जाळणाऱ्या ड्रायव्हरला लासलगावच्या बाजारात कुणी चाक देणार नव्हतं. सहादूनं मला थांबत थांबत, गार करत करत नाशकात आणलं. गॅरेजच्या दारात खंडेरावांनी हात पुढे केला, "किल्ली दे." सहादूनं ती दिली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

आता झुंबर मिस्त्रींचं काय सांगू! मी शंभर हातांखालून गेलेय, पण असा माणूस पाहिला नाही. त्यांनी आधी दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं. मला मुंबई नाक्यापर्यंत फिरवून आणलं. उतरल्यावर चारही चाकांना हाताची पालथी बाजू लावून पाहिली, आई लेकराचा ताप बघते तशी. मग मला जॅकवर उचललं, गियर काढला, हँडब्रेक सोडला आणि पुढचं चाक हातानं फिरवायला गेले. चाक हलेना.

"सहादूभाऊ, इकडे या. शेठ, तुम्ही पण." दोघे आले. "गाडीत कोण बसलंय?"

"कुनी नाय," खंडेराव म्हणाले.

"मग हा ब्रेक दाबून धरलाय तो पाय कुणाचा?"

मिस्त्रींनी चाकामागचं, ब्रेकमधला दाब सोडायचं छोटं निपल पान्यानं अर्धा आटा सैल केलं. आतून चिळकांडी उडाली, आणि तेच चाक बोटाच्या धक्क्यानं गरगर फिरलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"दाब आत अडकून राहतोय," मिस्त्री म्हणाले. "पाय उचलला तरी परत येत नाही. लायनर कितीही बदला, ते जळणारच. दुखणं वर आहे."

बॉनेट उघडून त्यांनी डबीत बोट बुडवलं, हुंगलं, दोन बोटांत चोळलं. मग शेजारच्या टपरीवरून पाण्याचे दोन ग्लास मागवले. एकात नव्या डब्यातलं ब्रेकचं तेल थेंबभर टाकलं. ते पाण्यात विरून गेलं. दुसऱ्यात माझ्या डबीतला थेंब टाकला. तो वर तरंगला, पिवळा, चकाकता.

"हे इंजिनाचं तेल. यानं आतलं रबर फुगतं. कुणी घातलं?"

सहादूनं नकारार्थी मान हलवली. खंडेराव ग्लासाकडे बघत राहिले. कोपऱ्यात स्टुलावर कुसाबाई बशीतून चहा पीत होती. तिनं बशी खाली ठेवली.

"खंडू, खंडेनवमीला तूच पाजलंस की तिला. मी ओट्यावरनं बघत व्हते."

लिलावात शंभर माणसांना गप्प करणाऱ्या माणसाचा चेहरा पार उतरला. मिस्त्रींना तेव्हा चार शब्द सुनावता आले असते. मी तर वाटच बघत होते. पण ते चष्मा काढून पुसत म्हणाले, "शेठ, चूक माझी आहे. तेल घाला, असं मीच म्हणालो होतो. तुम्ही तेल घातलंत. आम्ही मिस्त्री लोक आपल्या सोयीनं बोलतो आणि समोरचा मरतो."

मग त्यांनी माझं एकूण एक रबर काढून फेकलं, नळ्या स्पिरिटनं धुतल्या, नवं सगळं बसवून नळ्यांतली हवा काढली. शेवटी डबीचं टोपण घेतलं आणि त्यावर लाल रंगात बारीक ब्रशनं लिहिलं: हे तेल नाही.

खंडेरावांनी किल्ली सहादूपुढे धरली, त्याच्याकडे न बघताच. "चल. आयची नागली राह्यलीय." मिस्त्री पुढच्या सीटवर येऊन बसले. "ब्रेक मी बांधलेत," म्हणाले, "तर घाटही मी उतरणार." आम्ही उतरलो. प्रत्येक वळणाला मी थांबले आणि प्रत्येक वळणाला सुटले. गाडीला याहून मोठं सुख नसतं.

पण त्या दिवशीही खंडेराव सहादूला जे म्हणायला हवं होतं ते म्हणाले नाहीत. सहा वर्षं सहादूनं मला चालवलं आणि ते शब्द न उच्चारलेलेच आमच्यासोबत गाडीत प्रवास करत राहिले. मग माझं इंजिन थकलं, घरी नवी गाडी आली, मी इथे आले. मिस्त्रींनी माझे सुटे भाग एकेक करून जुन्या फियाटींना दिले. टोपण मात्र कुणी मागितलं तरी देत नव्हते.

काल अठ्ठ्याऐंशीची खंडेनवमी होती. खंडेराव आले, सहादू नवी गाडी घेऊन सोबत होता. त्यांनी माझं बिनइंजिनाचं बॉनेट उघडून आत माळ ठेवली, टोपणाला हळदकुंकू लावायला हात नेला आणि थांबले. कुंकवाची पुडी सहादूच्या हातात देऊन म्हणाले, "तू लाव." मग टोपणाकडेच बघत, "तवा पाय तुझा नव्हता रं, सहादू."

सहादूनं टोपणावर बोट टेकवलं. "मला तवाच ठावं व्हतं, शेठ," म्हणाला. आणि त्या अबोल माणसाच्या डोळ्यांना धार लागली.

उद्या भंगारवाला येणार आहे. माझी तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगते: तुमची गाडी अडली, तर चालवणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी चाक उचला आणि एकदा हातानं फिरवून बघा. टोपण तेवढं मिस्त्रींनी कालच काढून सहादूला दिलंय.